उंबऱ्याबाहेरचे कंद

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात नवा कुरिअरवाला आला की पहिल्या पार्सलाला हमखास गोंधळ व्हायचा. खोक्यावर नाव रत्नाबाई नेमिनाथ मगदूम आणि पत्ता मात्र शेजारच्या इंगवल्यांचा. बिचारा दोन दारांच्या मधे उभा राहून कधी इकडं बघायचा, कधी तिकडं. मग शालूबाई इंगवले आतूनच हाळी द्यायच्या, "पावणं, हिकडं आणा. नाव तिचं हाय, घर माझं हाय. तुम्हांस्नी काय करायचंय?"

हे सगळ्याच पार्सलांचं नव्हे बरं का. बियांचं पाकीट असलं तर ते सरळ मगदुमांच्या दारी जायचं. झेंडू, दोडका, ॲस्टर, काहीही असो, बी म्हटलं की रत्नाबाईंचा स्वतःचा पत्ता. पण खोक्यात कंद असले तर शालूबाईंचं घर. हा कायदा बोळातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होता, फक्त कुरिअरवाले बदलत राहायचे.

कायदा केला होता रत्नाबाईंच्या सासऱ्यांनी, अप्पांनी. मगदुमांचं घर जैनांचं, आणि त्यातही कडक. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखाली वाढणारं काही त्या घरात शिजत नसे. रत्नाबाई लग्न होऊन आल्या आणि वर्षाच्या आत त्यांनी हौसेनं टपालानं लिलीचे कंद मागवले. खोकं उघडताना फाटलं आणि लठ्ठ, तपकिरी सालीचे, हुबेहूब कांद्यासारखे दिसणारे कंद घरंगळत थेट अप्पांच्या पाटापाशी गेले. अप्पा जेवत होते. ते भरल्या ताटावरून उठले. "उंबऱ्याच्या आत नको हे," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. नवी सून, काय बोलणार! रत्नाबाईंनी कंद पदरात गोळा केले आणि बाहेर येऊन रडत उभ्या राहिल्या.

शेजारच्या पायरीवर शालूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. रत्नाबाईंपेक्षा त्या चार-पाच वर्षांनी मोठ्या.

"काय गं, रडतीस कशाला? दे हिकडं ती कांदं. आमच्यात कांद्याला कोण न्हाय म्हणत न्हाय."

"कांदं न्हवंत अक्का. फुलाचं हाय. लिली म्हणत्यात."

"मग तर लईच बरं. खायला मागणार न्हाय कोण."

असं म्हणून शालूबाईंनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, कंद तिच्यात घातले आणि आपल्या स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीच्या वर असलेल्या खुंटीला ती अडकवून टाकली. तेव्हापासून ती पिशवी तिथंच. लुगडं विटलं की नवी पिशवी व्हायची, खुंटी तीच राहायची.

रत्नाबाईंचं माहेर नृसिंहवाडीच्या अलीकडचं, नदीकाठच्या काळ्या रानातलं. तिथं काठी खुपसली तरी पालवी फुटते. इथं पेठेत मात्र घराला ना पुढं अंगण ना मागं परस. होती ती एक गच्ची, आणि तिला लागून शालूबाईंची गच्ची, मधे कमरेएवढी भिंत. रत्नाबाईंनी तेलाचे डबे, फुटके माठ, दुकानातल्या पिचक्या बादल्या असं मिळेल ते माती भरून लावलं आणि त्या गच्चीचं माहेर करून टाकलं. नेमिनाथांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांच्या गिऱ्हाइकांपेक्षा बायकोच्या बागेलाच जास्त बादल्या लागतात असं ते म्हणायचे.

आणि टपालानं झाडं मागवणं म्हणजे त्या काळी जुगारच की! कुठून कुठून पातळ कागदाचे कॅटलॉग यायचे, त्यात रंगीत चित्रं. पोस्टकार्ड टाकायचं, मग महिन्याभरानं पोस्टमन दारात यायचा, "व्ही.पी. हाय." आधी त्याला पैसे द्यायचे, मग खोकं उघडायचं. आत काय निघेल ते आपलं. एकदा पॅन्सी म्हणून मागवलेलं बी उगवलं ते सरळ राजगिरा निघालं. रत्नाबाईंनी त्याची भाजी केली. एकदा गुलाबाचं रोप म्हणून वीतभर वाळकी काडी आली, तर नेमिनाथ म्हणाले, "दातणाला ठेवू काय?" चार दिवस हसले. पण त्याच काडीला पुढं पान फुटलं तेव्हा सगळ्यांच्या आधी खाली येऊन सांगणारेही तेच होते.

कंदांचं मात्र सगळं काम दोघी मिळून करायच्या. फुलं होऊन पानं पिवळी पडली की लिली उकरायची, माती झटकायची, सावलीत सुकवायची, पिशवीत घालायची. मग गुढीपाडव्याला पिशवी खाली उतरवायची आणि निम्मे कंद रत्नाबाईंच्या गच्चीवर, निम्मे शालूबाईंच्या. शालूबाईंना वाचायला जेमतेम यायचं, कॅटलॉगमधली नावं त्यांच्या जिभेला कधी वळली नाहीत. पण कंद हातात घेऊन नुसता दाबला की त्या निकाल द्यायच्या. "ह्यो औंदा फुलत न्हाय. प्वाट बसलंय त्याचं." आणि तो फुलायचा नाही. रत्नाबाई त्यांना म्हणायच्या, "अक्का, तू डॉक्टर व्हायला पायजे हुतीस."

महापुराच्या साली हायवे बंद पडला तेव्हा रत्नाबाईंचं एक खोकं नदीच्या पलीकडं अडकून राहिलं. आलं तेव्हा आतल्या कंदांना कोंब फुटून ते खोक्याच्या भोकांतून बाहेर डोकावत होते. शालूबाईंनी ते डोक्यावर धरून बोळभर ओरडा केला, "रत्ना, तुझं पार्सल जितं हाय गं!" तोवर पोस्टकार्डं जाऊन मोबाइल आला होता. रत्नाबाई बोटानं मागवायला शिकल्या होत्या. मोबाइलमध्ये त्यांनी दोन पत्ते घालून ठेवले होते. एकाला नाव दिलं होतं 'घर', दुसऱ्याला 'शालूअक्का'.

आता ह्या वर्षाचं सांगायचं.

थंडीपासून शालूबाईंचं काहीतरी बिनसत चाललं होतं. एकदा चहात मीठ पडलं. एकदा त्या भाजी आणायला गेल्या आणि परतताना भलत्याच बोळात शिरल्या. असल्या गोष्टी कुणाच्याही होतात म्हणून रत्नाबाईंनी मनाची समजूत घातली. मग एक दिवस शालूबाईंनी गॅस सुरू केला आणि काडी न ओढताच देवघरात जाऊन बसल्या. सून, संयोगिता, पतसंस्थेतून दुपारच्या सुट्टीत घरी आली होती म्हणून निभावलं. संयोगिता वाईट पोरगी नव्हे. पण घरात दोन लेकरं, आणि नवरा दिवसभर कामावर. ती घाबरली होती. रत्नाबाईंच्या देखतच ती म्हणाली, "काकू, आता आणखी एकदा असं काय झालं ना, तर मी आत्तींना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार न्हाई. जेवण हातात देईन, बसून खावा म्हणीन."

शालूबाई तिथंच होत्या. नुसता ओटा पुसत राहिल्या.

शालूबाईंचं सगळं आयुष्य त्या ओट्याशी गेलेलं. त्यांचा नवरा, हंबीरराव, पैलवान गडी. तो गेला तेव्हा बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या परत चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, हितं बसलं की जीव थाऱ्यावर येतो. आणि त्यांची कांदा-लसूण चटणी! होळी झाली, बाजारात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आली, की बोळातल्या बायका मिठाच्या अंदाजाला शालूबाईंना बोलवायच्या. त्यांनी मूठ टाकली की वर्षाची चटणी नासत नाही, असा लौकिक होता. त्या माणसाला बसून खावा म्हणायचं म्हणजे जिवंतपणी खुंटीला टांगायचंच झालं की.

पाडवा आठवड्यावर आला होता. रविवारी सकाळी रत्नाबाई गच्चीवर टोमॅटोच्या बुडात शेणाची स्लरी घालत होत्या. पलीकडच्या गच्चीवर इंगवल्यांच्या चटणीचा कांदा वाळत घातला होता. पांढऱ्या धोतरावर कापांची पसरण, आणि कडेला स्टुलावर शालूबाई हातात काठी घेऊन राखणीला. संयोगिता मसाल्याचं सामान आणायला बाजारात गेली होती. दुपारी कांदा तळायचा आणि संध्याकाळी मिरचीबरोबर डंकावर कुटायला न्यायचा, असा बेत.

कांदा रत्नाबाईंना नवा नव्हता. दर वर्षी वास यायचा, दर वर्षी त्या पदर नाकाला लावून झाडांना पाणी घालायच्या. आज मात्र नजर अडली. गुलाबी कडांच्या कापांमधे काही कापं पांढरीफटक होती. उन्हात चमकत होती. त्यांना चिकट तार सुटली होती आणि ती एकमेकांना धरून बसली होती. असली कापं त्यांनी पाहिली होती. उकरताना खुरपं लागून लिलीचा कंद कापला गेला की अगदी असाच दिसायचा.

"अक्का," त्यांनी हाक मारली. "कांदा कोण चिरला?"

"मीच की! काल सून कामावर गेलती, तवर सगळा चिरून काढला." शालूबाई खूश होत्या. "आणि त्या पिशवीतलंबी संपवून टाकलं बघ. कवापास्नं लोंबकळत हुतं खुंटीला, कुणी हात लावंना. डोळ्याला झोंबत न्हाय, वास न्हाय, कसलं पाणचट कांदं हुतं काय की."

पाऊण जन्म ज्या बाईनं ते कंद हातानं ओळखले, ती त्यांना कांदे म्हणत होती. आणि अशी हसत होती, जणू मोठं काम उरकलं. रत्नाबाईंना रडू फुटलं असतं, पण रडायला वेळ कुठं होता! लिलीचा कंद विषारी असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. बोळातल्या एका शेळीनं एकदा खाल्ला होता तर ती दोन दिवस ओकत होती. आणि ही चटणी वर्षभराची. रोज भाकरीबरोबर लेकरांच्या ताटात जाणारी.

साडी खोचून त्या भिंत ओलांडून पलीकडं गेल्या. आता ह्या वयात भिंत ओलांडणं म्हणजे काय खेळ नव्हे, गुडघा खरचटला. धोतरापाशी बसून त्यांनी पहिल्यांदा जन्मात चिरलेल्या कांद्याला हात लावला. पांढरं काप दिसलं की उचलायचं, नाकाला लावायचं. झणका आला तर कांदा, परत टाकायचा. नाही आला तर लिली, ओच्यात घ्यायची. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कांद्याचं होतं का दुसरं कशाचं, कुणाला ठाऊक.

"रत्ना, काय हुडकतीस?" शालूबाईंनी विचारलं.

"काय न्हाय अक्का. खडं असलं तर बघतोय."

पण थोड्याच वेळात त्यांच्या ध्यानात आलं की हे जमणारं नाही. चिकट रस सगळ्याला लागला होता. वाळून आक्रसलेली कापं वासानं ओळखू येईनात. एवढ्यातली मूठभर जरी राहिली तरी कुणाला बाधेल सांगता येत नाही. सगळाच कांदा टाकायला हवा होता. आणि टाकायचा म्हणजे का टाकला ते सांगायला हवं. संयोगिताला सांगितलं की झालं. आणखी एकदा म्हणाली होती ना ती? हे तेच आणखी एकदा.

खालून स्कूटीचा आवाज आला. संयोगिता आली होती. जिन्यावर तिचे पाय वाजले, आणि रत्नाबाईंनी फार विचार केला नाही. भिंतीवरून हात घालून त्यांनी आपली स्लरीची बादली उचलली आणि भसकन त्या धोतरावर पालथी केली. शेणाचं हिरवं पाणी सगळ्या कापांवरून ओघळलं.

"अगं आई आई! रत्ना, हे काय केलंस गं!" शालूबाई काठी टाकून उठल्या. त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा झाला.

संयोगिता दारात पिशव्या घेऊन उभी. तिनं धोतर पाहिलं, बादली पाहिली, रत्नाबाईंकडं पाहिलं.

"निसटली गं हातातनं," रत्नाबाई म्हणाल्या.

"आमच्या गच्चीवर? भिंतीच्या हिकडं येऊन निसटली?" संयोगिताचा पारा चढला. "काकू, तुम्हांला कांद्याचा वास चालत न्हाई, मान्य हाय. मग दारं लावून बसा की घरात! आत्तींनी कालचा सबंध दिवस घातला त्यात. वय झालेलं माणूस, हात दुखत असताना चिरलाय त्यांनी. जरा तरी वाटायला पायजे हुतं!"

रत्नाबाईंनी खाली मान घातली. ती बोलली ते चूक नव्हतं. सगळा चिखल घंटागाडीत पडेपर्यंत मात्र त्या हलल्या नाहीत. जनावराला घालू नको गं, शेण हाय, वंगाळ हाय, असं दोनदा बजावून मगच त्या घरी गेल्या.

संध्याकाळपर्यंत बोळात एकच चर्चा. मगदुमीणबाईंनी कांद्याच्या रागानं इंगवल्यांच्या चटणीवर शेण ओतलं. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, त्याहून वाईट झालं. तिथल्या बायकांनी कौतुक केलं. "बरं केलंसा वैनी. धर्म राखायचा तर असाच राखावा लागतोय." रत्नाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या परवडल्या, पण ही शाबासकी नको होती.

आणि शालूबाई? त्यांनी सकाळीच भिंतीवरून हाक मारली होती, "रत्ना, पाडवा आला की गं. पिशवी कवा उतरायची?" कालचं काही म्हणजे काही त्यांच्या लक्षात नव्हतं. सगळा बोळ रत्नाबाईंवर रागावला होता, फक्त जिचा कांदा गेला ती सोडून.

"उतरू की," रत्नाबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं खाली आल्या.

तिसऱ्या दिवशी जेवताना नेमिनाथ म्हणाले, "रविवारी तुझ्या हाताला कांद्याचा वास येत हुता. रागानं शेण ओतणारी बाई कांदा कशाला कुरवाळंल?"

मग रत्नाबाईंनी सगळं सांगितलं. नेमिनाथांनी घास ताटात ठेवला.

"पण मला एक सांग. कंद तिकडं ठेवायचे कशाला?"

"अप्पांनी सांगितलेलं. उंबऱ्याच्या आत नको म्हणून."

"अप्पा जाऊन किती वर्षं झाली? मी कधी नको म्हणलो काय? आपला नियम खायचा न्हाई असा हाय. फुलाचा कंद घरात ठेवायचा न्हाई असा कुठं हाय? तू मला विचारलंबी न्हाईस कधी."

रत्नाबाईंकडं उत्तर होतं, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. अप्पा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी विचारता आलं असतं. आणि नेमिनाथ हो म्हणाले असते हेही त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नव्हतं. कंद घरी आले असते तर शालूअक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला निमित्त कुठलं राहिलं असतं? सासरी आल्यापासून त्यांना जे काही बोलायचं होतं, ते सगळं त्यांनी त्या खुंटीखाली बसून बोलून टाकलं होतं. सासूबद्दल, पहिलं मूल गेलं त्याबद्दल, सगळं. कंद सुकलेत का बघायला जाते, असं म्हणून जायचं आणि तासानं यायचं.

नेमिनाथांनी जेवण झाल्यावर हातोडी काढली आणि मागच्या खोलीत भिंतीला एक खिळा मारला. "पिशवी हितं येऊ दे," एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी रत्नाबाईंनी मोबाइल काढला. हंगाम संपत आला होता, पण लाल लिलीचे थोडे कंद शिल्लक दाखवत होते. पत्त्याशी येऊन त्या थांबल्या. आता 'घर' दाबायला हरकत नव्हती. त्यांनी 'शालूअक्का' दाबलं.

पार्सल आलं ते पाडवा उलटून गेल्यावर, आणि नेमकं संयोगिताच्या हातात पडलं. त्या दिवसापासून ती रत्नाबाईंशी बोलत नव्हती. खोक्याचा तळ ओला होऊन फाटला होता, दारातच एक कंद तिच्या पायावर पडला. तिनं तो उचलला. बघितलं, दाबून बघितलं, वास घेतला. मग स्वयंपाकघरात जाऊन खुंटीकडं पाहिलं. खुंटी रिकामी होती.

रत्नाबाई गच्चीवर होत्या. संयोगिता खोकं घेऊन वर आली आणि भिंतीपाशी उभी राहिली.

"काकू, खुंटीवरच्या पिशवीतले असलेच हुते न्हवं? आत्तींनी चिरले?"

रत्नाबाई कुंडीतली माती सारखी करत राहिल्या.

"विषारी असत्यात ना हे? तुम्हीच सांगितलेलं, लेकरांना हात लावू देऊ नको म्हणून." संयोगितानं खोकं भिंतीवर ठेवलं. "मला सांगायचं की हो! मी तुम्हांला काय काय बोलले."

"सांगितलं असतं तर तू तिला वट्ट्यापासनं उठीवलं असतंस."

"उठवलंच असतं! माझी लेकरं खाणार हुती ती चटणी!"

"खाऊ दिली असती व्हय मी?"

संयोगिता मटकन भिंतीवर टेकली आणि रडायला लागली. तिच्या घरात हे सगळं ती एकटीच सोसत होती, हे रत्नाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी भिंतीवरून हात पुढं करून तिच्या पाठीवर ठेवला. "लपवलं ते माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण तिला उठवू नको गं पोरी. मी बसत जातो तिच्यापाशी. तू कामावर असताना मी असतो की. गॅसला ती हात लावायची न्हाय, मी लावीन. चिरंल, निवडंल, मीठ टाकंल. एवढं राहू दे तिला."

"डॉक्टरकडं न्यायचंय त्यांना. माझ्याबरोबर येत न्हाईत."

"माझ्याबरोबर येईल."

आणि गेल्याही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुढचं फारसं चांगलं सांगितलं नाही. नवे कंद नेमिनाथांनी मारलेल्या खिळ्याला दोन दिवस राहिले आणि मग दोन्ही गच्च्यांवर निम्मे निम्मे लागले.

राहून गेलेली चटणी मे महिन्यात झाली. संयोगितानं सुट्टी काढली. ती मिरच्यांची देठं काढत बसली, शालूबाई विळीवर, आणि कांद्याच्या टोपलीपाशी रत्नाबाई. बोळातल्या बायका दारातून डोकावून गेल्या, मगदुमीणबाई कांद्याशेजारी बसल्यात म्हणून. डोकावू देत. एकेक कांदा रत्नाबाईंच्या हातातून विळीकडं जात होता, आणि प्रत्येक कांदा त्या आधी नाकाशी धरत होत्या. कंद केव्हाच गच्चीवरच्या मातीत गेले होते, टोपलीत लिली असायचं काही कारण नव्हतं. तरी धरत होत्या.

शालूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"रत्ना, तुला कांदा चालत न्हाय न्हवं? मग हितं काय करतीस?"

"तुझ्याजवळ बसलोय, अक्का."

"मग बस की," शालूबाई म्हणाल्या आणि पुढच्या कांद्यासाठी हात पुढं केला.